उद्या कोणाच्या नावावर?

म्हातारपणासाठी पैसा न साठवणारे घर चुकते आहे का? प्रश्न अर्थशास्त्राचा दिसतो, पण विचारला जातो तो नीतीच्या सुरात. मेळाव्यात बँकेचे अधिकारी सांगतात, बचतीची सवय लावा. सप्ताहातले कीर्तनकार सांगतात, व्यसने सोडा, संसार नीट करा. आणि शहरातला नोकरदार आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईविषयी बोलताना सहज म्हणून जातो की, या लोकांना उद्याचा विचारच नसतो. तिघांच्याही बोलण्यात एक गोष्ट धरून चाललेली असते: ज्याचे म्हातारपण उघड्यावर पडले, त्याने तरुणपणी संयम पाळला नसणार. हे गृहीत तपासायचे तर डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात यावे. सरावलीसारख्या गावाच्या परिसरात चिकूच्या वाडीतला मजूर, बोईसरच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणारे कुटुंब आणि गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने समुद्रात राहणारा तरुण, असे सगळे सापडतात. यांतल्या कोणालाही निवृत्तीची तारीख नाही. गुडघे गेले, नजर गेली की काम सुटते. ते पंचेचाळिशीत होईल की पासष्टीत, हे शरीर ठरवते. अशा माणसाकडे म्हातारपणाची शिल्लक नसेल तर दोष त्याच्या स्वभावाचा धरायचा की आणखी कोणाकडे काही येणे बाकी आहे, हे पाहायला हवे. माझ्या मते येणे बाकी आहे, आणि ते पुष्कळ आहे.

आधी परंपरेकडे पाहू, कारण उपदेश तिच्याच नावाने होतो. संचयाबद्दल आपल्या परंपरेने एकच शिकवण दिलेली नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार येतात: कोठारभर धान्य बाळगणारा, रांजणभर बाळगणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ मानला आहे. म्हणजे ज्याला आज आपण बेफिकीर म्हणू, तो त्या यादीत सर्वांत वर बसतो. हाच आदर्श संतांच्या चरित्रांतूनही दिसतो. वडिलार्जित सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवणारे तुकोबा महाराष्ट्राला पूज्य आहेत ते उगाच नाही. पण त्या चौथ्या गृहस्थाला उद्या जेवू कोण घालणार होते? पहिला, कोठारवाला. एकाच्या रिकाम्या हातांचे पुण्य दुसऱ्याच्या भरल्या कोठारावर उभे होते, आणि दोघांमध्ये दानधर्माची रीत होती. रीत गेली की उरते ती नुसती उपासमार, आणि तिला कोणी वैराग्य म्हणत नाही.

हे कौटिल्याने नेमके ओळखले होते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, जनपद वसवण्याच्या प्रकरणात, बायकामुलांची तजवीज न करता संन्यास घेणाऱ्याला दंड सांगितला आहे. ऐपत असून आईबापांना न पोसणाऱ्यालाही दंड आहे. आणि त्याच प्रकरणात राजावर जबाबदारी टाकली आहे ती बालक, वृद्ध, संकटात सापडलेले आणि अनाथ यांना पोसण्याची. याला देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांची कल्पना जोडून पाहिली तर एक गोष्ट ठळक होते. माणूस जन्मतो तोच देणेकरी म्हणून, आणि हे देणे फेडायचे ते आपल्या आधीच्यांना आणि आपल्या नंतरच्यांना. मुलगा, भाऊबंद, गाव, राजा: वृद्धाचा भार वाहणारे खांदे परंपरेने असे बरेच मोजले आहेत. विशीतल्या माणसाने स्वतःच्या साठीसाठी, स्वतःच्या नावावर, एकट्याने पैसा बाजूला टाकत राहावे, हा धर्म या मोजणीत ठळकपणे कुठेच दिसत नाही. तो कारखान्यांच्या आणि विमा कंपन्यांच्या युगाबरोबर आला. त्यात गैर काही नाही, पण त्याला सनातन सद्गुणाचा मान देऊन गरिबाला लाजवणे गैर आहे.

गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग इथे नीट वाचण्याजोगा आहे. मुंबईत असताना एका अमेरिकन एजंटाच्या बोलण्याने त्यांनी दहा हजारांचा आयुर्विमा उतरवला. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीतेतल्या अपरिग्रहाने त्यांना पछाडले, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला; ज्याने बायकामुलांना जन्माला घातले तोच त्यांची काळजी घेईल, अशी त्यांची खात्री झाली होती. वडिलांच्या जागी असलेल्या थोरल्या भावालाही त्यांनी कळवले की यापुढची शिल्लक समाजाच्या कामी लागेल. गंमत अशी की आपल्या आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली वचन आहे तेही गीतेतलेच, भक्ताचा योगक्षेम मी वाहतो असे सांगणारे. एकाच ग्रंथाच्या आधारावर एकाने पॉलिसी सोडली आणि दुसरा पॉलिसी विकतो! दोघांनाही खोटे ठरवायचे कारण नाही. गांधीजींचा भरवसा फळाला आला, कारण देवाचे हात म्हणून त्यांच्याभोवती फिनिक्सची वसाहत होती, सहकारी होते, पुढे आश्रम होते. विम्याच्या हप्त्यालाही फळ येते, कारण मागे कायदा आहे, सरकारची हमी आहे. श्रद्धा असो की हप्ता, दोन्ही कुठल्यातरी माणसांच्या व्यवस्थेवर टेकलेले असतात. म्हणून खरा प्रश्न असा की सरावलीच्या मजुरासमोर टेकायला कोणती व्यवस्था आहे, आणि तिच्यावर भरवसा ठेवावा असे तिने आजवर काय केले आहे.

या भागात ‘उद्या’ ही गोष्ट फार काळ दुसऱ्याच्या मालकीची होती. वारली माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून कर्ज काढी आणि त्या कर्जापोटी त्याच्याकडे राबायला राही. त्याला लग्नगडी म्हणत. पुष्कळदा त्याची बायकोही त्याच कर्जात राबे, वर्षांमागून वर्षे जात, आणि हिशेबाची वही धन्याकडे असल्यामुळे कर्ज संपल्याचे कधी कोणी सांगत नसे. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने 1930च्या दशकात मुंबई सरकारसाठी केलेल्या पाहणीत या भागातली वेठ आणि कर्जबाजारीपणा नोंदला आहे. 1945 मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठले, त्या वर्षी 11 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, आणि त्या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली, ज्याला 1972 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या उठावाची मागणी मजुरी वाढवण्याची होती, तशीच वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडण्याची होती. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, पुढच्या वर्षावर आपला हक्क असावा, अशी. पुढचे वर्ष धन्याकडे गहाण असताना त्या वर्षासाठी साठवणे म्हणजे धन्याच्या कणगीत आपले धान्य ओतणे. तेव्हा हाती आलेले लगेच खाऊन टाकणे हाच शहाणपणा होता.

तरीही या माणसांना थांबता येत नाही, धीर धरता येत नाही, हे मला साफ अमान्य आहे, आणि त्याचा पुरावा त्यांच्या घरातच आहे. भात झोडून झाले की बियाण्याचे भात वेगळे काढून ठेवतात. होळी सरते, घरातले खायचे धान्य आटत जाते, मजुरीला बाहेर पडावे लागते, उसनवार सुरू होते; पण मृग लागेपर्यंत बियाण्याला हात लावत नाहीत. नवे भातसुद्धा कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय खायचे नाही अशी रीत आहे. भूक असताना समोरचे अन्न सहा-सात महिने राखून ठेवणे, यापेक्षा अवघड बचत कोणत्या पगारदाराने केली आहे? संयम आहे, भविष्याचा विचार आहे, त्याला देवीचे अधिष्ठानही आहे. मग बियाणे राखणारे हात पेन्शनचे हप्ते का राखत नाहीत? कारण बियाण्याचा उद्या सात महिन्यांवर आहे, आपल्याच शेतात आहे, आणि तो येतो हे आजोबांच्या आजोबांपासून पाहिलेले आहे. पेन्शनचा उद्या तीस-चाळीस वर्षांवर आहे, दुसऱ्याच्या दफ्तरात आहे, आणि आपल्या ओळखीत तो कोणाला येऊन भेटला असे सहसा ऐकू येत नाही.

ते का ऐकू येत नाही, हे कारखान्याच्या फंडाकडे पाहिले की कळते. कामगार ज्याला फंड म्हणतो त्या भविष्यनिर्वाह निधीचा एक भाग 1995च्या पेन्शन योजनेत जातो. त्या योजनेत महिन्याची पूर्ण पेन्शन मिळायची तर किमान दहा वर्षांची नोकरी भरावी लागते आणि वयाची 58 वर्षे पुरी व्हावी लागतात. बोईसर किंवा उंबरगावच्या कंत्राटी कामगाराची नोकरी अशी सलग दहा वर्षे चालते कुठे? कंत्राटदार बदलतो, नवा खातेक्रमांक निघतो, आधारवरचे आणि कंपनीच्या कागदावरचे नाव एका अक्षराने जुळत नाही, जुने खाते जोडायला खेटे घालावे लागतात. शेवटी दहा वर्षांच्या आत सुटलेला कामगार फॉर्म भरून सगळी रक्कम काढून घेतो. ती घराच्या पत्र्यांत, आजारपणात किंवा मोटरसायकलच्या हप्त्यात जाते, आणि आपण म्हणतो, बघा, फंडही उडवला. ज्याची दहा वर्षे भरली त्याला तरी काय मिळते? 2014 पासून या योजनेची किमान पेन्शन महिन्याला 1000 रुपये आहे.

अटल पेन्शन योजनेचा तक्ताही समोर धरू. मे 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 18 ते 40 वयाच्या माणसाला खाते काढता येते, आणि साठीनंतर महिन्याला 1000 ते 5000 रुपये मिळतात. विशीत शिरले तर हजाराच्या पेन्शनसाठी महिन्याला 50 रुपये, चाळिशीत शिरले तर 291. हप्ता परवडणारा आहे, म्हणून बहुसंख्य खातेदार हजाराचाच टप्पा घेतात. पण हे हजार रुपये चाळीस वर्षांनी मिळायचे आहेत. महागाई वर्षाला सरासरी 5 टक्के धरली तर त्यांची आजच्या भावात किंमत होते 142 रुपये. ही योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. नसण्यापेक्षा बरी आहे. पण जो मजूर तिच्याकडे पाठ फिरवतो त्याला गणित येत नाही, असे मानण्याआधी आपले गणित पुन्हा करून पाहावे. शिवाय पैसा संस्थेत ठेवला की सुरक्षित राहतो, हेही त्याने नुसते ऐकलेले आहे. पाहिले आहे ते वेगळेच. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना आपल्याच पैशांतले फक्त 1000 रुपये काढता येत होते. पर्ल्स या नावाने गावोगाव एजंटांमार्फत पैसा गोळा करणाऱ्या पीएसीएलला सेबीने 2014 मध्ये लोकांचे 49,100 कोटी परत करायला सांगितले. ते पैसे भरणारे लोक उधळे नव्हते. ते बचत करणारेच होते, म्हणून तर बुडाले.

आता आक्षेप घेऊ. पहिला आणि सर्वांत मोठ्याने घेतला जाणारा आक्षेप दारूचा. दारूने या पट्ट्यात घरे बसवली आहेत, बायकांनी मार खाल्ला आहे. त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण म्हातारपणाचा प्रश्न दारू सोडल्याने सुटतो का, एवढेच पाहू. समजा एका माणसाने दारूचे महिन्याला 500 रुपये वाचवले, तीस वर्षे एकही महिना न चुकता भरले, आणि त्यावर 7 टक्के व्याज मिळाले. साठीला हाती येतील सुमारे सहा लाख दहा हजार. त्यावरचे व्याज महिना साडेतीन हजार, आणि आजच्या भावात त्याची किंमत आठशेच्या आसपास. निर्व्यसनी राहण्याची कारणे याहून फार मोठी आहेत, ती त्या घरातल्या बाईला विचारावीत. तीस वर्षांच्या निष्कलंक तपश्चर्येचे फळ महिना आठशे रुपये असेल, तर तपश्चर्या कमी पडली असे म्हणणे अवघड आहे.

लग्नाच्या खर्चाचे थोडे वेगळे आहे. वारल्यांमध्ये ऐपत नसेल तर जोडपे आधी संसार थाटते आणि धवलेरीला, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईला, बोलावून लग्नविधी मागाहून, कधी मुलाबाळांनंतरही, उरकते. ऐपतीप्रमाणे खर्च पुढे ढकलायची ही सोय कित्येक पांढरपेशा समाजांत नाही. तिथे मुलीच्या लग्नासाठी निवृत्तीचा फंड फोडतात. शिवाय जेवणावळीवर गेलेला पैसा वाया जातो, हेही अर्धेच खरे. ज्यांनी जेवण केले ते आवणीला येतात, आजारपणात दवाखान्यात थांबतात, मयताला खांदा देतात. गावातली खरी ठेव ही अशी माणसांमध्ये होती आणि तिच्यावर व्याजही मिळत असे. आजची अडचण अशी की त्या ठेवीची बँकच बुडत चालली आहे. जेवून गेलेल्यांची मुले वापीला आहेत, ओख्याच्या बोटीवर आहेत, भट्टीवर उचल घेऊन बांधलेली आहेत. उचल हा शब्द अजून चालतो, आणि लग्नगड्याच्या नातवाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जुना आधार सुटला, नवा अजून पायाला लागला नाही. या मधल्या जागेत आज साठीला टेकलेली पिढी अडकली आहे, आणि तिलाच आपण नियोजनाचे धडे देतो आहोत.

आईबापांना मुलांनी सांभाळावे, हा धर्म आहे आणि 2007 पासून तो कायदाही आहे. न्यायाधिकरण मुलाला दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला लावू शकते. या धर्माला माझा विरोध नाही. पण कौटिल्यानेही दंड सांगितला तो ऐपत असलेल्याला. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. त्या मजुरीवर मुलांची शाळा, आईबापांचे औषध आणि वर स्वतःच्या साठीची तरतूद, अशा तीन पिढ्या उभ्या करायला सांगणे हा कर्तव्याचा उपदेश राहत नाही. आईबापाला घोटभर पेज आणि तापलेल्या लेकराला गोळी, यांतून जो स्वतःच्या म्हातारपणासाठी पैसे बाजूला काढील, त्याला शहाणा म्हणता येईल. चांगला म्हणता येईल का, याबद्दल मला शंका आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप अर्थतज्ज्ञांचा आहे. सरकारने म्हातारपण अंगावर घेतले तर कोणीच साठवणार नाही, आळस वाढेल. याचे उत्तर आपल्याच राज्याने देऊन ठेवले आहे. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना स्वतःच्या आणि सरकारच्या अंशदानातून पेन्शन उभी करायची होती. ही माणसे शिकलेली, नियमित पगाराची, व्याजाचे गणित जाणणारी. तरीही बाजाराच्या भरवशावर आपले म्हातारपण सोडायला ती तयार नव्हती, आणि त्यांना कोणी उधळे म्हटले नाही. त्यांच्या बाजूने तत्त्वही होते. 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. फक्त ते सचिवालयाच्या दारात का थांबावे, एवढे कळत नाही. चाळीस वर्षे चिकू उतरवणाऱ्याने, विटा थापणाऱ्याने, बोट ओढणाऱ्याने सेवा केली नाही काय? त्याला मिळालेली मजुरी आजच्या भाकरीपुरती होती. शरीर झिजले त्याचा हिशेब तिच्यात धरलेलाच नव्हता. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची गोडी मुंबईच्या बाजारात विकली गेली, मुंबईच्या इमारती भट्टीतल्या विटांनी उभ्या राहिल्या. त्या मजुरीचा राहिलेला हप्ता मजुराच्या म्हातारपणी द्यायचा असतो, आणि तो त्यानेच स्वतःला द्यावा असे सांगणे म्हणजे देणेकऱ्याने सावकाराला काटकसर शिकवणे होय.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. ज्याला शिल्लक राहते आणि तरी जो ठेवत नाही, त्याला बोल लावावा. पुण्या-मुंबईत दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यापायी स्वतःची साठी विसरलेले लोक आहेत, कीर्तनकारांनी त्यांच्याकडे जरूर वळावे. सरावलीच्या मजुराचे देणे आपल्यावर आहे. राज्याने आपल्या योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले तेव्हा मुलाचे कर्तव्य पत्करले होते. त्या योजनेसाठी वय 65 आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावे लागते. पैसे मिळतात महिन्याला 1500, म्हणजे दिवसाला 50. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धासाठी यात केंद्र सरकारचा वाटा ऐंशी वर्षांचा होईपर्यंत महिन्याला 200 रुपये आहे, आणि 2007 मध्येही तो 200 रुपयेच होता.